गिटारच्या प्लगइनचा आवाज फाटतोय? आधी इंटरफेसचा गेन नॉब बघा

अमरावती, अकोला किंवा मधल्या मूर्तिजापुरात कुठल्याही मंडपात साउंडवाल्याला काम करताना पाहिलं, तर एक पद्धत हमखास दिसते. अहुजाच्या ॲम्प्लिफायरवर माईकचा नॉब तो हळूहळू वाढवत नेतो, शिट्टी वाजली की जरासा मागे घेतो, "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणतो आणि चहाला जातो. भजन असो, भाषण असो की वाढदिवस, ही पद्धत चालते. कारण तिथे त्या नॉबचं काम एकच असतं, आवाज पुरेसा मोठा करणं.

हीच सवय घेऊन कुणी इलेक्ट्रिक गिटार ऑडिओ इंटरफेसला जोडतो, लॅपटॉपवर ॲम्प सिम्युलेटरचा प्लगइन उघडतो, आणि तिथे घोळ होतो. यूट्यूबवर ज्या प्लगइनचा आवाज काचेसारखा स्वच्छ ऐकला होता, तोच घरी खरखरीत, मधमाश्या भणभणल्यासारखा येतो. मग "आवाज काहून फाटून राह्यला भाऊ?" म्हणत आधी प्लगइन बदलला जातो, मग गिटारचे पिकअप, मग केबल. कधीकधी दहा-पंधरा हजारांचा इंटरफेसच ओएलएक्सवर जातो. दोष मात्र पुष्कळदा त्या एका नॉबचाच असतो, आणि तो दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

पुण्या-मुंबईत मोठ्या दुकानात जाऊन खरा ट्यूब ॲम्प आणि प्लगइन शेजारी-शेजारी ऐकता येतात. वऱ्हाडात ती सोय सहज मिळत नाही. बरीचशी खरेदी ऑनलाइन होते आणि तुलना करायला समोर दुसरं काही नसतं. त्यामुळे चुकीचा आवाज हाच प्लगइनचा खरा आवाज आहे, असं वर्षानुवर्षं वाटत राहू शकतं.

प्लगइन नेमकं काय करतो

गिटारचा ॲम्प म्हणजे फक्त आवाज मोठा करणारी पेटी नव्हे. जुन्या ट्यूब ॲम्पमध्ये गिटारचा सिग्नल काचेच्या ट्यूबमधून जातो. हलकं वाजवलं तर आवाज स्वच्छ राहतो, जोरात वाजवलं तर ट्यूब तो सिग्नल वरून-खालून दाबते आणि आवाज जाड, किंचित फाटका होतो. रॉकमधल्या डिस्टॉर्शनचा जन्म इथलाच. वरातीतला बेंजो भोंग्यातून ऐकताना जो थोडा चिरका आवाज कानाला गोड लागतो, तोही त्याच जातीचा.

हे वागणं संगणकाच्या गणितात उतरवायचे प्रयत्न जुने आहेत. लाइन सिक्स कंपनीचा लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचा पॉड १९९८ साली आला. आयके मल्टिमीडियाचा ॲम्प्लिट्यूब २००२ मध्ये, तर नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा गिटार रिग २००४ मध्ये. आता फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपीचे प्लगइन गाजतात, आणि स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी बनवलेला न्यूरल ॲम्प मॉडेलर तर चक्क फुकट आणि मुक्त स्रोत आहे. 

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. सिग्नल किती मोठा आला यावर त्यांचा स्वभाव बदलतो. गाण्याचा आवाज वाढवला की तेच गाणं मोठ्याने ऐकू येतं. ॲम्प सिममध्ये आत येणारा सिग्नल वाढवला की आवाज मोठा कमी आणि वेगळा जास्त होतो. स्वच्छ चॅनल फाटायला लागतो, जड चॅनल चिखल होतो.

व्होल्टचे आकडे होतात तेव्हा

खऱ्या ॲम्पला गिटार थेट जोडली जाते. पिकअपमधून आलेले व्होल्ट जसेच्या तसे पहिल्या ट्यूबपाशी पोचतात, मध्ये कुणी नसतं. प्लगइनपाशी मात्र व्होल्ट पोचत नाहीत, आकडे पोचतात. व्होल्टचे आकडे करण्याचं काम इंटरफेस करतो, आणि किती व्होल्टला कोणता आकडा द्यायचा हे गेनचा नॉब ठरवतो. कापूस खरेदी केंद्रावरच्या काट्यासारखंच आहे हे. काटा आधी शून्यावर आणला नसेल तर गाडीत माल तेवढाच असतो, पावतीवरचं वजन बदलतं. प्लगइन फक्त पावती वाचतो.

इथे दोन मापं लागतात. व्होल्टच्या बाजूला डीबीयू. ० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट. आकड्यांच्या बाजूला डीबीएफएस. यात ० म्हणजे संगणकाला मांडता येणारी कमाल पातळी, आणि बाकी सगळं त्याच्या खाली, म्हणजे उणे. डेसिबलचा हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे. ६ डीबी वाढले की व्होल्ट दुप्पट, २० डीबी वाढले की दहापट.

फोकसराइटच्या स्कार्लेट टूआयटू या लोकप्रिय इंटरफेसची तिसरी पिढी घ्या. गेन पूर्ण खाली असताना त्याचा गिटारसाठीचा इनपुट १२.५ डीबीयूपर्यंत सिग्नल घेतो. चौथ्या पिढीत हाच आकडा १२ आहे. १२ डीबीयू म्हणजे साधारण ३.०८ व्होल्ट, आणि लाटेच्या टोकाला मोजलं तर सुमारे ४.३६ व्होल्ट. तेवढा सिग्नल आला की मीटर शून्याला टेकतं. त्यापुढे जे येईल ते सपाट कापलं जातं. हा डिजिटल क्लिपिंगचा आवाज ट्यूबच्या फाटण्यासारखा गोड नसतो, तो कटकट करतो आणि नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

आता याच इंटरफेसला दोन गिटार लावून बघू. एक स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, सिंगल कॉइल पिकअपची. जोरात वाजवल्यावर तिचं टोक समजा अर्ध्या व्होल्टपर्यंत जातं. मीटर दाखवेल उणे १९च्या आसपास. दुसरी हंबकरवाली, टोक दीड व्होल्ट. मीटर दाखवेल उणे ९च्या आसपास. दोघींमधला हा साडेनऊ डीबींचा फरक म्हणजे त्यांचा स्वभाव आहे. खऱ्या ॲम्पवर पहिली स्वच्छ वाजते आणि दुसरी त्याच सेटिंगवर गुरगुरते, ती यामुळेच.

पण नवशिक्याला उणे १९ बघून धस्स होतं. मीटर जेमतेम हललेलं, हिरवा दिवाही अर्धवट. "सिग्नल कमी येऊन राह्यला" म्हणून तो नॉब फिरवतो आणि बहुतेक व्हिडिओंत सांगतात तसं टोक उणे ६वर आणतो. झालं काय? पहिल्या गिटारचा सिग्नल जवळजवळ १३ डीबींनी, म्हणजे सव्वाचार पटीहून जास्त वाढला. दुसरीचा फक्त ३ डीबींनी. प्लगइनच्या दृष्टीने आता दोन्ही गिटार सारख्याच तापट झाल्या. स्ट्रॅटच्या पुढे कुणीतरी न दिसणारा बूस्टर पेडल कायमचा चालू करून ठेवल्यासारखं हे आहे, आणि तो बंद करायचं बटण प्लगइनमध्ये सापडत नाही, कारण तो प्लगइनमध्ये नाहीच.

किती फरकाला फरक म्हणायचं, याचंही एक जुनं माप आहे. फेंडरच्या जुन्या ॲम्पना एकाच चॅनलला दोन जॅक असत. दुसऱ्या जॅकमध्ये सिग्नल निम्मा होई, म्हणजे ६ डीबींनी कमी. तेवढ्यासाठी कंपनीने वेगळं भोक ठेवलं होतं. १३ डीबी म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त.

मग "मीटर वर ठेवा" असं का सांगतात

तो सल्ला खोटा नाही, पण तो दुसऱ्या काळाचा आणि दुसऱ्या कामाचा आहे. टेपवर ध्वनिमुद्रण होई तेव्हा टेपची स्वतःची सळसळ असे. सिग्नल कमी घेतला तर तो सळसळीत बुडे. १६ बिटच्या काळातही थोडी तीच भीती होती. २४ बिटमध्ये कागदावर १४४ डीबी जागा मिळते, प्रत्यक्षात चांगल्या इंटरफेसला ११०च्या आसपास. त्यात टोक उणे १९वर राहिलं तर काहीही बिघडत नाही. माईकवर गाणं रेकॉर्ड करणाऱ्याने गेन वाढवून घेतला तर त्याचंही काही जात नाही, नंतर फेडर खाली केला की झालं. ॲम्प सिमला मात्र तो वाढीव सिग्नल आधीच पोचलेला असतो. फेडर त्याच्या नंतर येतो.

नॉब कुठे ठेवायचा

बहुतेक वेळा उत्तर एवढंच आहे, पूर्ण खाली. त्याआधी दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं बटण. ते दाबलेलं हवं. गिटारचा पॅसिव्ह पिकअप नाजूक असतो, त्याला समोर सुमारे दहा लाख ओहमचा अडथळा लागतो. लाइन इनपुटचा अडथळा त्याहून कितीतरी कमी असतो. त्यात गिटार लावली की वरचे चमकदार सूर गळून जातात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. मग माणूस प्लगइनचं ट्रेबल वाढवत बसतो. फोकसराइटवरचं 'एअर' बटण असेल तर ते बंद ठेवावं, कारण ते वरचे सूर उचलतं. अठ्ठेचाळीस व्होल्टच्या फॅंटम पॉवरचा इथे उपयोग नाही, तीही बंद. आणि 'डायरेक्ट मॉनिटर' चालू असेल तर प्लगइनच्या आवाजाखाली गिटारचा कोरडा टणटणाट ऐकू येत राहतो. तो बंद केल्याशिवाय कसलाही निर्णय घेऊ नये.

मग गेन पूर्ण खाली, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण वर, ब्रिज पिकअप निवडलेला, आणि जेवढं जोरात वाजवता येईल तेवढं वाजवायचं. लाल दिवा लागला नाही तर नॉब तिथेच राहू द्यायचा. खालीच असतानाही लाल लागत असेल, तर पॅडचं बटण वापरायचं, किंवा स्क्रू फिरवून पिकअप तारांपासून थोडा लांब न्यायचा.

यानंतर हेडफोनमध्ये आवाज लहान वाटेल. वाटू द्यावा. तो वाढवण्यासाठी हेडफोनचा नॉब आहे, प्लगइनचा आउटपुट आहे. इनपुटला हात लावायचा नाही. अर्ध्याहून जास्त चुका इथेच होतात, कारण हात सवयीने पहिल्या नॉबकडे जातो.

इतकं केलं तरी बहुतेकांचं काम होतं. आणखी नेमकं करायचं असेल तर वजाबाकी करावी लागते. इंटरफेसच्या मॅन्युअलमध्ये इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी डीबीयूमध्ये दिलेली असते. प्लगइन कोणत्या पातळीवर बेतला आहे, हेही काही कंपन्या आता जाहीर करतात. समजा इंटरफेसचा आकडा १८ आहे आणि प्लगइनचा १२. म्हणजे या इंटरफेसवर तीच गिटार ६ डीबी कमी दिसणार. मग प्लगइनच्या इनपुट नॉबवर अधिक ६. उलट असेल तर उणे. न्यूरल ॲम्प मॉडेलरच्या नव्या आवृत्त्यांत इंटरफेसचा आकडा भरायची जागाच दिली आहे, उरलेली वजाबाकी तो स्वतः करतो. अट एकच, ज्याने त्या ॲम्पचं मॉडेल बनवलं त्याने आपला आकडा फाइलमध्ये नोंदवलेला हवा.

मॅन्युअलमध्ये आकडा नसेल, किंवा नॉब पूर्ण खाली नेल्यावर आवाज जवळजवळ बंदच होत असेल, तर मोजता येतं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून १०० हर्ट्झचा सरळ सूर इंटरफेसच्या लाइन आउटपुटवर सोडायचा, साध्या गिटार केबलने तो गिटारच्या इनपुटला जोडायचा, जॅकची टोपी उघडून दोन टोकांवर मल्टिमीटर धरायचा आणि ०.७७५ व्होल्ट येईपर्यंत सूर वाढवायचा. आता इनपुटचं पीक मीटर जे दाखवेल, समजा उणे १२.५, तोच त्या नॉबच्या जागेचा आकडा : १२.५ डीबीयू. त्या जागी मार्करने खूण करून ठेवावी. ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग आधी बंद करायचं, नाहीतर सूर गोल फिरत राहील. आणि एक अडचण. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा तो छोटा पिवळा मल्टिमीटर इथे कामाचा नाही, कारण एसीसाठी त्याची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते. २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर लागतो.

गुणगुण, कूलर आणि अर्थिंग

गेन खाली ठेवला की खरखर वाढेल, ही शंका रास्त आहे. जड डिस्टॉर्शनमध्ये सगळंच कित्येक पटींनी वाढतं, त्यात इंटरफेसची स्वतःची सळसळही. त्यामुळे काही जण गेन १० डीबींनी वाढवतात आणि प्लगइनच्या इनपुटवर १० डीबी कमी करतात. आवाजाचा स्वभाव तोच राहतो, सळसळ थोडी घटते. ज्या इंटरफेसवर गेनचा आकडा दिसतो तिथे हे जमण्यासारखं आहे. नुसता गोल नॉब असेल तर किती वाढवलं हे कळत नाही, आणि पुन्हा अंदाजपंचे सुरू होतं.

पण वऱ्हाडातल्या घरात खरा त्रास सळसळीचा नसतो, गुणगुणीचा असतो. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर येते. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी सूर ९८ हर्ट्झचा असतो, म्हणजे गुणगुण जवळजवळ त्याच सुरात, जराशी चढी. मे महिन्यात ४५ अंशांत कूलरशिवाय बसणं शक्य नाही, आणि कूलरची मोटर गिटारपासून चार फुटांवर असली की सिंगल कॉइल पिकअप ती गुणगुण मन लावून टिपतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि लाइट गेल्यावर चालू होणारा स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर हेही तसेच.

उगम शोधायला गिटारचा व्हॉल्यूम शून्य करावा. आवाज गेला तर तो पिकअपमधून येत होता. अशा वेळी खुर्ची फिरवून बसलं तरी फरक पडतो. व्हॉल्यूम शून्यावरही आवाज राहिला तर केबल, चार्जर किंवा अर्थिंगकडे बघायचं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवल्यावर शांत झालं, तर उत्तर मिळालं. इथल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग असूनही नसल्यासारखं होतं. जुनी माणसं त्या खड्ड्यात पाणी ओतायची, त्यात अर्थ होता. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र वाजवणं तिथेच थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावं. तो प्रश्न आवाजाचा राहिलेला नसतो.

यातलं काहीच गेनच्या नॉबने बरं होत नाही. नॉब वाढवला की गिटार आणि गुणगुण दोन्ही सारख्याच वाढतात. नॉइज गेट हे औषध आहे, पण त्याची रेषाही आत येणाऱ्या पातळीवरच ठरते. गेन जास्त असेल तर गेट बंदच होत नाही, कमी असेल तर लांबवलेला सूर मध्येच तोडतो.

प्रीसेट उतरवून घेणाऱ्यांसाठी

"सेम सेटिंग्ज टाकल्या तरी तसा आवाज येत नाही" ही रील्सखालच्या कॉमेंट्समधली कायमची तक्रार. प्रीसेटमध्ये प्लगइनचे नॉब साठवलेले असतात. बनवणाऱ्याची गिटार, त्याचे पिकअप आणि त्याच्या इंटरफेसचा गेन त्यात नसतो. त्याने गेन वाढवून प्रीसेट बनवला असेल, तर नॉब खाली ठेवणाऱ्याला तो मिळमिळीत वाटणार. उलटही होतं. म्हणून प्रीसेट उघडल्यावर प्लगइनचा इनपुट नॉब दोन-चार डीबी इकडेतिकडे करून बघण्यात गैर काही नाही. प्रीसेट विकणाऱ्यांनी आपल्या इंटरफेसचं नाव आणि गेनची जागा लिहिली तर निम्मा गोंधळ मिटेल, पण ते फार थोडे करतात.

आणि कुणाला वाढलेल्या गेनचा तो दाट, दबलेला आवाजच आवडत असेल तर? तोही हक्काचा आवाज आहे. फक्त तो प्लगइनमधल्या बूस्टर किंवा ओव्हरड्राइव्ह पेडलने मिळवावा. तो पायाने बंद करता येतो, किती वाढवलंय ते दिसतं, आणि पुढच्या महिन्यात रेकॉर्डिंग पुन्हा उघडल्यावर तसाच सापडतो. इंटरफेसचा नॉब साफसफाईत कुणाच्या फडक्याने फिरला तर त्याची नोंद कुठेच राहत नाही.